आधी भरतीची वेळ बघा, मग पायी निघा

नमस्कार श्रोतेहो. समुद्राकाठच्या एखाद्या गावात चार दिवस राहायला गेलात तर पहिल्या दिवशी गाडी राहू द्या, गाव पायी फिरा. आणि पायी फिरायचं ठरलं की बागा किती, पॉइंट किती हे नंतर बघा, आधी एवढंच विचारा की आज ओहोटी किती वाजता आहे. नेटवर भरतीचा तक्ता मिळतो, नाहीतर काठावरच्या कुठल्याही होडीवाल्याला तो पाठ असतो.

कारण बागेची वाट कुठे जात नाही, काठाची वाट जाते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आज सकाळी ८ ला ओहोटी असेल आणि तुम्ही खडकांपर्यंत मजेत चालून आलात तर आठवड्याने त्याच ८ वाजता तिथे भरती असते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीचं पाणी लांब जातं आणि भरतीचं तितकंच वर येतं. आणि पाणी एका चालीने चढत नाही बरं का, सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं चढतं, त्यामुळे टेकडीच्या नाकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर जायचं असेल तर पाणी उतरत असतानाच निघा आणि ते पुरतं उतरलं की परत फिरा. लहान मुलं सोबत असतील तर यात अजिबात सूट नाही.

चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत पक्क्या रस्त्यापेक्षा दुपटीच्या आसपास ताकद जाते आणि पोटऱ्या बोलायला लागतात. ओल्या वाळूवर पाय ठेवताना जरा खाली बघा, पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी होते. दाबाने घट्ट बसलेले कण सरकतात, त्यांच्यातली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. १८८५ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने हे समजावून सांगितलं. मुलांना दाखवाच, मग ती प्रत्येक पावलाला थांबतात आणि तुमचा वॉक दुप्पट लांबतो, पण लांबू द्या.

ऊन चढलं की बागांकडे वळायचं. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, दुपारी तर चांगलेच जोरात असतात, म्हणून अगदी पाण्यासमोरच्या उघड्या बागेपेक्षा झाडांच्या पट्ट्यामागची बाग मला कधीही जास्त आवडते. त्या पट्ट्यातलं पहिलंच झाड नीट बघा. समुद्राकडच्या बाजूला फांद्यांची टोकं वाळलेली, कोंब करपलेले, आणि सगळी वाढ गावाकडे झुकलेली. लोक म्हणतात वाऱ्याने वाकलं, पण नुसता वारा नाही, त्याच्यातलं मीठ त्या बाजूचे कोवळे कोंब मारतं, मग झाड दुसऱ्या बाजूलाच वाढत राहतं. असं झाड मीठ अंगावर घेतं म्हणून मागे फुलझाडं जगतात. उद्या कोणी व्ह्यू दिसत नाही म्हणून ही रांग तोडायला निघालं तर गावाने आडवं पडावं, इतकी ती मोलाची आहे.

बाजारातून, जुन्या गल्ल्यांतून जाणारे रस्ते कुठूनही कुठेही निघतात, त्यांचं प्लॅनिंग करू नका.

संध्याकाळ मात्र टेकडीसाठी ठेवा, समुद्राच्या गावात एखादी टेकडी, उंचावरची बाग नाहीतर दीपस्तंभाची वाट बहुधा असतेच. वाळूवर उभं राहिलात तर क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर असतं, तेच ५० मीटर उंच चढलात की २५ किलोमीटरपर्यंत नजर जाते. त्यामुळे खालून ज्या जहाजाचा नुसता वरचा भाग दिसत होता ते वरून अख्खं दिसतं, आणि सकाळी आपण चाललो ती वाट आता किती पाण्याखाली आहे तेही स्पष्ट कळतं. सूर्य बुडाल्यावर लगेच अंधार होत नाही, तेवढ्या उजेडात उतरून घ्या.