वाराला येणारी मुलं

श्रोते हो, नमस्कार.

माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. ते सांगायचे, 'जेवण सगळेच देत. पण ज्या माउलीने भात पुन्हा वाढू का म्हणून विचारलं, तिचं घर मी डोळे मिटूनही दाखवीन.' आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची ही आठवण मला अवचित झाली ती अमेरिकेत, युटा राज्यातल्या प्रोव्हो गावात, शेजारणीच्या फ्रिजवर चिकटवलेला एक तक्ता बघून. महिन्याच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एका कुटुंबाचं नाव. गावात धर्मप्रसाराला आलेल्या मिशनरी मुलांना आज जेवायला कुणाकडे, त्याचा तो तक्ता होता. दर महिन्याचा दुसरा गुरुवार तिचा.

आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो, त्यांचं हे गाव. त्यांच्या पंथाचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नाव वापरा; पण श्रोत्यांना ओळखीचं म्हणून मी मॉर्मनच म्हणते. या समाजात मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला घराबाहेर पडावं, अशी अपेक्षा असते. मुलीही जातात, दीड वर्षासाठी. जायचं कुठे, हे त्यांनी ठरवायचं नसतं. चर्चकडून कळतं. आणि खर्च शक्यतो मुलाने आणि घरच्यांनी उचलायचा.

शेजारणीचा थोरला मुलगा २०१७ मध्ये असा धर्मप्रसाराला गेला. त्या वेळी अमेरिकेतल्या मुलांना महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत, म्हणजे दोन वर्षांचे ९,६०० डॉलर. सोळाव्या वर्षापासून तो लोकांच्या अंगणातलं गवत कापून पैसे साठवत होता, आमच्याही. एका संध्याकाळी पोस्टाने मोठा पांढरा लिफाफा आला. आजी-आजोबा, मावश्या, मित्र, आम्ही, सगळे दिवाणखान्यात दाटीने उभे. त्याने मोठ्याने वाचलं: जपान, साप्पोरो. त्याच्या आईने टाळ्या वाजवल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

प्रोव्होतच त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे साधारण नऊ आठवडे जपानी शिकून तो गेला. त्याचा दिनक्रम मला तोंडपाठ आहे, कारण दर आठवड्याचं त्याचं पत्र शेजारीण मला वाचून दाखवायची. सकाळी साडेसहाला उठणं, व्यायाम, नाश्ता, धर्मग्रंथाचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. मग पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून दिवसभर बाहेर. साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, मैत्रीण नाही. स्वतःचं पहिलं नावसुद्धा नाही. आडनाव आणि त्यापुढे 'चोरो'. चोरो म्हणजे वडीलधारा. एकोणीस वर्षांचा वडीलधारा! त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य, आणि हा गेला हिरव्या चहाच्या देशात. मग लोक त्याला भाजलेल्या सातूचं पाणी देत, मुगिचा म्हणतात त्याला. साप्पोरोत हिवाळाभर कमरेएवढा बर्फ साचतो. त्या बर्फातून दारोदार जायचं, घंटी वाजवायची, आणि ऐकायचं 'केक्को देस', म्हणजे 'नको'. अतिशय नम्रपणे, वाकून. तो लिहायचा, 'कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.'

धर्म बदलावा म्हणून कुणाच्या दारात जाणं मला पटत नाही. शेजारणीला मी ते सांगितलंही होतं, आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतलं होतं. पण ती पत्रं ऐकताना मला धर्म दिसायचा नाही, तो मुलगा दिसायचा.

आणि त्याचा जोडीदार. ही मुलं कधी एकटी नसतात. चर्च प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतं. एकत्र राहायचं, एकत्र रांधायचं, एकत्र फिरायचं, एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही. दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते, नाहीतर तीच जोडी पुढे चालू. एका हिवाळ्यात त्याची पत्रं चार ओळींची झाली. जोडीदार दिवसदिवस बोलत नव्हता. घरी फोन करायचीही सोय नव्हती. तेव्हा वर्षातून दोनच फोन, नाताळला आणि मातृदिनाला. नळ सोडून ठेवून तो न्हाणीघरात रडायचा, हे आईला फार उशिरा कळलं. मुदतीआधी परतलेल्या मुलाकडे गाव कसं बघतं, हे मी प्रोव्होत पाहिलंय. ती कुजबुज फार वाईट. त्या पोरांचा काही अपराध नसतो, आणि हे मोठ्याने म्हटलं पाहिजे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

पुढच्या बदलीत त्याला एक जपानी जोडीदार मिळाला. त्या मुलाच्या आईवडिलांना हा पंथ मंजूर नव्हता, त्याला घरून पत्र येत नसे. हे कळल्यापासून शेजारीण दोघांना मिळून एकच पत्र लिहायला लागली. मायना: 'माझ्या मुलांनो'.

त्याच हिवाळ्यात, शेजारणीचा दुसरा गुरुवार. तिचा नवरा कामावर अडकला होता. घरात पुरुषमाणूस नसेल तर मिशनरी मुलगे बाईमाणसाच्या घरात पाऊल टाकत नाहीत, असा नियम आहे. दोघं दारातच थांबले. त्यातला एक ब्राझीलचा, थंडीने ओठ फुटलेले. ती म्हणाली, बसा इथेच. पायरीवर घोंगड्या टाकल्या, दोन ताटं बाहेर आणली. बटाटे, भाजलेली कोंबडी, पाव. मी कुंपणाजवळून बघत होते. ती तशीच बिनकोटाची दारात उभी राहिली, आणि त्या ब्राझीलच्या मुलाला म्हणाली, 'आणखी घे.' मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तिकडे माझा कुणाच्या पायरीवर बसलाय कोण जाणे.'

१५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चने नियम बदलला. मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करायची परवानगी मिळाली. त्यांच्या सुट्टीचा सोमवार सकाळ म्हणजे आमची रविवार संध्याकाळ. सतरा तारखेला संध्याकाळी व्हिडिओवर तो दिसला. आईने पहिलं काय विचारलं? 'जेवलास का?' आणि दुसरं, 'तो कुठेय?' मग पडद्यात शेजारून दुसरा चेहरा हळूच सरकला, आणि तो जपानी मुलगा खाली मान घालून वाकला.

त्या वर्षाच्या शेवटी मुलगा परत आला. आठवड्याने आमच्याकडे जेवायला बोलावलं. बूट काढून त्याने टाचा आत, टोकं दाराकडे अशी जोडून ठेवले. वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, कोकम सरबत. हात जोडून, जपानी लोक जेवणाआधी म्हणतात तसं 'इतादाकिमास' म्हणाला आणि जेवला. भात पुन्हा वाढू का, मी विचारलं. हो म्हणाला.

निघताना बूट घालून तो दारात थांबला. मान वळवून आत बघत राहिला. मला वाटलं काही विसरला. 'जोडीदार येतोय का ते बघत होतो,' म्हणाला. मग एकटाच अंगण ओलांडून घरी गेला.