वहीतला फास

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते उचलीच्या कर्जापायी सक्तीने कराव्या लागणाऱ्या मजुरीबद्दल. आधी एक हिशोब ऐका. जमलं तर कागद-पेन्सिल जवळ घ्या.

समजा, एका मजुराने १०० दिवसांच्या मजुरीइतकी उचल घेतली. व्याज महिन्याला शेकडा ५, म्हणजे ५ दिवसांची मजुरी. खोली, जेवण, अवजारं यांच्या नावाने रोज अर्धी मजुरी कापतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. महिन्याला त्याचे झाले १५ दिवस. हजेरी भरली २६. त्यातून १५ आणि ५ गेले की उरले ६. तेवढे घरी धाडले की महिनाअखेर उचल जिथल्या तिथे, पुरी १००. आता तो १० दिवस तापाने पडला असं धरा. हजेरी १६, कपात २०. घरी एक पैसा न पाठवताही कर्ज १०४ वर गेलं. वही मालकाकडे आणि ओळखपत्रही मालकाकडे, मग दाराला कुलूप लावावं लागत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारानुसार, शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेलं काम म्हणजे सक्तीचे श्रम. अडवून ठेवलेला पगार हाही असाच धाक, आणि सर्रास वापरला जातो तो हाच. २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं अशा कामात अडकली होती, असा या संघटनेचा अंदाज आहे.

याची झळ दूरवर जाते. शेजारचा ठेकेदार पुरी मजुरी देतो, जादा वेळेचे पैसे देतो, विमा भरतो. साहजिकच त्याचा दर चढा राहतो आणि काम हातचं जातं. दोन-तीनदा असं झालं की तोही कपात करू लागतो. मग ज्याच्या डोक्यावर कसलंच कर्ज नाही, त्या मजुरालाही पडेल तो दर घ्यावा लागतो. इकडे अडकलेल्या मजुराचं कर्ज फिटेना म्हणून त्याच्या घरातलं मूल कामाला जुंपलं जातं, त्याची शाळा सुटते. आमच्या मते सगळ्यात खोल घाव हाच, कारण वहीतले आकडे तपासू शकेल असं त्या घरात कोणी उरत नाही.

सुटकेच्या वेळी एक चूक वारंवार होते. माणसं बाहेर काढली जातात, पण कर्ज रद्द झाल्याचा कागद हाती पडत नाही, थकलेली मजुरी वसूल होत नाही. घरात खायला नसतं आणि दलाल नवी उचल घेऊन दारात उभा राहतो. म्हणून कर्जमुक्तीचा कागद, ओळखपत्र आणि कामाच्या दिवसांचा लेखी जबाब, हे तिन्ही त्याच दिवशी व्हायला हवं.

जबाब टिकायचा तर मजुराची स्वतःची नोंद लागते: तारीख, कामावर लागल्याची आणि सुटल्याची वेळ, हाती आलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि तिचं कारण. लिहिता येत नसेल तर दिनदर्शिकेवर पूर्ण दिवसाला रेघ, अर्ध्याला टिंब. ही नोंद कामाच्या जागी ठेवू नये. दर आठवड्याला तिचा फोटो घरच्या मोबाइलवर पाठवावा.