मोठ्यानं वाचायचं पान

[दृश्य: काचेवर पाऊस. टेबलावर जुनं, कडा मऊ झालेलं पुस्तक. पहिल्या ओळीवर बोट.]

ही ओळ मोठ्यानं वाचावी. नुसती नजर फिरवली तर निम्मीच हाती लागते.

अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी, १९६८ साली आलेली. पहिलं वाक्य २४ शब्दांचं. आधी बेटाचं नाव येतं, गॉन्ट. मग कळतं, अख्खं बेट म्हणजे एकच डोंगर. वादळांनी झोडपलेल्या समुद्रातून तो मैलभर वर चढतो, वाक्य त्याच्यासोबत चढतं, आणि पार शेवटच्या शब्दाला जादूगार भेटतात. मराठीत आणताना नेमकं इथंच अडतं. आपलं क्रियापद शेवटची जागा सोडत नाही, आणि जादूगार दोन पावलं आधीच दिसून जातात.

[दृश्य: वाचणारीचे ओठ, अगदी जवळून.]

बघा, दम कुठेच तुटत नाही.

हा कान घरातून आला असावा. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा आणि कथा त्यांनी समोर बसून, ऐकून टिपून ठेवल्या. उन्हाळ्यात नापा खोऱ्यातल्या घरी, रात्री शेकोटीपाशी, त्यातल्याच गोष्टी ते मुलांना सांगत. ले ग्विन यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचली ती आधी आवाज म्हणून.

१९७३ सालच्या एका निबंधात त्यांनी एक प्रयोग केला. एका अद्भुतरम्य कादंबरीतला संवाद घेतला, मोजके शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या तोंडी चपखल बसला. खऱ्या शहराची गोष्ट लिहिताना शहर लेखकाला आधार देतं. नसलेल्या बेटाला आधार फक्त वाक्याचा. ते वाक्य कचेरीतलं निघालं की बेट बुडालं.

[दृश्य: पुन्हा पाऊस. पान उलटतं.]

आता हे पान. गेड हा कोवळा शिष्य, ओगिऑन त्याचा गुरू. दोघं डोंगरातून पायी निघालेत आणि पाऊस लागतो. ढग दुसरीकडे ढकलणं हे तिथल्या साध्या मांत्रिकालाही जमतं. ओगिऑन मात्र पावसाला हवं तिथं पडू देतो, एक दाट झाड बघतो आणि त्याखाली आडवा होतो. संपलं. गुरूच्या थोरवीवर एक विशेषण नाही. गेड ठिबकत्या झुडपांत कुढत बसलाय, तेही जाता जाता सांगून होतं. एवढं थोडक्यात लिहायला फार धीर लागतो.

 

[दृश्य: बोट त्याच पानावर थोडं वर सरकतं.]

पावसाच्या आधीची ही जागा. वाटेच्या कडेला एक रानरोप. गेड त्याचं वाळलेलं बोंड तोडतो आणि विचारतो, याचा उपयोग काय? मला ठाऊक असलेला तरी काही नाही, असं गुरू म्हणतो. बोंड थोडा वेळ गेडच्या हातात राहतं, मग तो ते टाकून देतो. का टाकलं, हे लेखिका सांगत नाही. मग गुरू बोलतो: हे रोप सगळ्या ऋतूंत ओळखीचं व्हायला हवं, मूळ, पान, फूल, रूपानं, गंधानं, बीजानं. तेव्हा त्याचं खरं नाव कळेल. इंग्रजीत हे शेवटचे तीन शब्द 'स'नं सुरू होतात. साइट, सेंट, सीड.

ऐका.

[निवेदन थांबतं. वाचणारीचा आवाज.]