तीस सेकंदांची शांतता

[पडदा काळा. पंख्याची घरघर, लांबवर कावळा, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी.]

गिरगावातल्या चाळीतली एक खोली. दहा बाय बारा. आत पंधरा माणसं, आणि कुणीही हूं की चूं करत नाहीये. शॉट केव्हाच ओके झालाय. स्पॉटदादा चहाची किटली धरून दारातच थिजलेत. साउंड रेकॉर्डिस्टने फक्त तीस सेकंद मागितलेत. याला म्हणतात रूम टोन, म्हणजे या खोलीची स्वतःची शांतता. दर खोलीची वेगळी असते. संवाद कापून जोडताना मधे जी फट पडते, ती हिनेच बुजवायची. नाहीतर तिथे आवाजाला भोक पडतं. प्रेक्षकाला काय ते सांगता येत नाही, पण कानाला खटकतं.

एकविसाव्या सेकंदाला चर्नी रोडकडून लोकलचा हॉर्न.

"परत."

हे दुखणं जुनं आहे, अगदी पहिल्या बोलपटापासूनचं. अर्देशिर इराणींच्या 'आलम आरा'चं शूटिंग ज्योती स्टुडिओत झालं. शेजारून रेल्वेचे रूळ, आणि भिंतींतून सगळं आत यायचं. मग गाड्या थांबल्या की रात्री काम सुरू. माइक सेटवरच कुठेतरी लपवलेले. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला. ते थिएटर गेलं, तिथे आता शॉपिंग सेंटर आहे. आणि सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही. आपला पहिला बोलपट आज मुका आहे.

पुढे १९३७ मध्ये शांतारामबापूंनी पुण्यात, प्रभातमध्ये 'कुंकू' केला. गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. घराचे, रस्त्याचे, माणसांचे आवाज, बस्स. आज प्रत्येक अश्रूमागे व्हायोलिन लावणाऱ्यांनी तो एकदा डोळे मिटून ऐकावा.

मधली कित्येक वर्षं हिंदी सिनेमा डबिंगवर चालला. कॅमेरेच घरघरायचे, सेटवर धरलेला आवाज निव्वळ संदर्भापुरता. २००१ च्या 'लगान'ने सिंक साउंड, म्हणजे सेटवरचाच खरा आवाज ठेवण्याची पद्धत, पुन्हा चर्चेत आणली.

पण सिंक साउंड असला तरी माइकचं तोंड संवादाकडे असतं. पावलं, कपडे, भांडी नंतर करावी लागतात.

[फोलीची खोली. जमिनीवर लाकूड, शहाबादी फरशी, वाळू यांचे चौकोन.]

ही फोलीची खोली, म्हणजे पडद्याकडे बघत असे आवाज हाताने करण्याची जागा. पडद्यावर नऊवारीतली आजी चालतेय. इकडे तिची चाल करणारे गृहस्थ हाफ पँटमध्ये. हातात काचेच्या चार बांगड्या. जास्त किणकिणू नयेत म्हणून त्यांना चिंधी गुंडाळलेली. मांडीवर जुनं लुगडं, ते चुरगाळून पदराची सळसळ काढायची. आजी उंबऱ्याशी क्षणभर थबकते, तर हेही थबकतात. सेकंदाला २४ चौकटी. दोन-तीन इकडेतिकडे झाल्या तरी पाऊल परकं वाटतं.

इथे खरं तेच खरं वाटतं असं नाही. बर्फात चालायचं तर कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबतात. हाड मोडायला मुळा पुरतो. मुंबईचा पाऊस नुसता रेकॉर्ड केला, तर कढईत पुऱ्या तळल्यासारखा ऐकू येतो. तो कशावर पडतोय, हे ऐकवलं की तो पाऊस होतो: पत्र्यावर, ताडपत्रीवर, छत्रीवर, खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात.

आवाजांना साल असतं, हे तर फार थोड्यांच्या लक्षात येतं. १९८२ चं गिरणगाव दाखवायचं, तर भोंगा हवा. गिरण्या गेल्या, भोंगेही गेले. आणि लोकल! आताच्या गाडीची मोटर सुटताना सूर लावल्यासारखी चढत जाते. तो सूर ऐंशीच्या दशकातल्या दृश्यात घातला, तर रोज ८:१२ पकडणारा माणूस लगेच मान वर करील. त्या काळात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या गाड्या होत्या. फलाटावर उभ्या असल्या तरी डब्याखालचा कॉम्प्रेसर धडधडत असायचा. आता त्या इथल्या मार्गांवरून गेल्या. एखाद्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर दोन मिनिटांची धडधड सापडली, तर तो ती तिजोरीतल्या दागिन्यासारखी जपतो.

[मिक्सिंग रूम. पडद्यावर तीच गिरगावची खोली.]

शेवटची बैठक. दृश्य साधं आहे: आईला फोन येतो, ती ऐकते, ठेवते. चाळ नेहमीसारखी गजबजलेली. कुकर, शेजारची टीव्हीवरची मालिका, जिन्यात धावणारी पोरं, कावळे, लोकल. छत्तीस ट्रॅक. दिग्दर्शकाला इथे सतार हवी होती.

साउंड डिझायनर काही बोलत नाही. फक्त एकेक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली आणतो. मालिका गेली. पोरं गेली. कावळे दूर गेले. लोकल तर कधी गेली, कळलंच नाही.

मोरीतला नळ टपकतोय. आणि त्याच्याखाली, अगदी हलकी, त्या दिवशीची तीस सेकंदं.

दिग्दर्शक खुर्चीत पुढे झुकतो. "नळ जरा कमी?"

"नळ राहू दे."

[टप. टप.]