देश बोलत नाहीत, माणसं बोलतात: आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात काय शिकवतात

श्रोतेहो, नमस्कार.

बातम्यांमध्ये एक वाक्य रोज कानावर पडतं. अमुक देशाने तमुक देशाला इशारा दिला. अमुक देश नाराज आहे, तमुक देशाने माघार घेतली. जणू काही देश म्हणजे एक माणूस, त्याला एकच डोकं, एकच राग आणि एकच इच्छा. आंतरराष्ट्रीय संबंध, राजनय म्हणजे मुत्सद्देगिरी, आणि सुरक्षा अभ्यास हे विषय विद्यापीठात शिकायला येणारा विद्यार्थी बहुधा हेच वाक्य मनात घेऊन येतो. चांगला अभ्यासक्रम असेल तर पहिल्या वर्षाच्या आत त्याचा या वाक्यावरचा विश्वास उडतो. माझ्या मते या पदवीची खरी कमाई तीच.

हा विश्वास उडवण्यासाठी जगभरच्या वर्गांत एक प्रसंग हमखास शिकवला जातो. ऑक्टोबर 1962, क्युबा. सोव्हिएत संघाने तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेली. 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 या टेहळणी विमानाने त्यांचे फोटो टिपले, 16 तारखेला ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींसमोर आले आणि 28 तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचं जाहीर केलं. गोष्ट म्हणून सांगितली तर दोन पुढारी एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसले आणि एकाने पापणी लववली, एवढीच. ग्रॅहम ॲलिसन या अभ्यासकाने 1969 मध्ये एका लेखात आणि 1971 मध्ये पुस्तकात हीच हकिकत तीन वेगवेगळ्या बाजूंनी मांडली. एकदा देश हा विचारी, हिशेबी खेळाडू आहे असं धरून. दुसऱ्यांदा देश म्हणजे ठरलेल्या पद्धतीने काम करणाऱ्या खात्यांचा समूह आहे असं धरून. आणि तिसऱ्यांदा, निर्णय म्हणजे एका खोलीत बसलेल्या, वेगवेगळ्या खुर्च्यांवरून भांडणाऱ्या माणसांच्या ओढाताणीतून जे उरतं ते, असं धरून.

यातल्या दुसऱ्या, म्हणजे खात्यांच्या बाजूने बघितलं की काही कोडी सुटतात. मोहीम एवढी गुप्त, मग क्युबातले तळ सुरुवातीला नीट झाकलेसुद्धा का नव्हते? कपटी मनाचा शोध घेत बसलात तर उत्तर मिळत नाही. तळ बांधणाऱ्या तुकड्या मायदेशात जसे बांधत आल्या होत्या तसेच त्यांनी इथेही बांधले, हे उत्तर साधं आहे आणि पटण्यासारखं आहे. 27 ऑक्टोबरचा दिवस तर याहून बोलका. त्या दिवशी क्युबावर एक यू-2 पाडलं गेलं, वैमानिक मेला. ते पाडण्याचा हुकूम मॉस्कोहून आलेला नव्हता. तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनीच तो दिला होता. त्याच दिवशी दुसरं एक अमेरिकी विमान दिशा चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. वॉशिंग्टनलाही ते नको होतं. आता सांगा, त्या शनिवारी 'सोव्हिएत संघाने' काय केलं आणि 'अमेरिकेने' काय केलं? तडजोडीतलं एक कलम तर अनेक वर्षं लोकांपुढे आलंच नाही. तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेऊ, असा शब्द केनेडींनी गुपचूप दिला होता. म्हणजे पापणी दोन्हीकडून लवली होती. पण तोवर कणखरपणाचा धडा म्हणून ही गोष्ट कितीतरी जणांनी पाठ केली होती.

या विषयाला विद्यापीठात जागा कशी मिळाली, हेही ऐकण्यासारखं आहे. त्याआधी इतिहास होता, कायदा होता, तत्त्वज्ञान होतं. स्वतंत्र अध्यासन, म्हणजे या विषयाचं प्राध्यापकपद, मात्र पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये निघालं, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी युद्धात बळी पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव लागलं. युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून ते का होतं याचा अभ्यास करायचा, हा हेतू. गंमत अशी की 1936 मध्ये याच खुर्चीवर ई. एच. कार हे ब्रिटिश अभ्यासक आले. विल्सन यांच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिलेला राष्ट्रसंघ आणि सदिच्छा यांवर विसंबणाऱ्या विचाराची त्यांनी 1939 मध्ये चिरफाड केली. विल्सन यांच्या नावाच्या खुर्चीत बसून विल्सन यांच्याच स्वप्नावर घाव. विषयाच्या जन्मातलं हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटलं तर विषयच संपेल असं मला वाटतं. वास्तववादी म्हणतो, सत्ता बघा. उदारमतवादी म्हणतो, संस्था आणि व्यापार बघा. तिसरा म्हणतो, आधी हे बघा की शत्रू कोण आणि मित्र कोण हे या लोकांनी ठरवलं कसं.

राजनयाचा भाग वेगळ्या जातीचा. इथे सिद्धांत कमी आणि कारागिरी जास्त. दूतावासातून मुख्यालयाला पाठवायचा अहवाल दोन पानांत कसा बसवायचा, बैठकीचं टिपण कसं काढायचं, दोन्ही बाजूंना आपापल्या देशात जाऊन विजय म्हणून सांगता येईल असा मसुदा कसा करायचा. आणि पाया म्हणून 1961 चा राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार. तो कोरडा वाटतो, पण त्याची कलमं प्रत्यक्षात कशी चालतात हे पाहिलं की त्यात जीव येतो.

एक उदाहरण सांगतो. 1984 च्या जुलैमध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाला जाणाऱ्या विमानात मोठी खोकी चढवली जात होती. राजनैतिक सामान असल्याचा दावा होता. एका खोक्यात नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को बेशुद्ध अवस्थेत होते. लंडनमधून त्यांचं अपहरण झालं होतं. करार सांगतो की राजनैतिक टपाल उघडायचं नाही. मग सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ती खोकी कशी उघडली? कारण तोच करार असंही सांगतो की अशा टपालावर बाहेरून दिसणारी ओळखखूण हवी, आणि ती या खोक्यांवर रीतसर नव्हती. एका खुणेअभावी एक माणूस वाचला. वर्गात खरी वादावादी याच्या पुढे सुरू होते. खूण असती तर? आत माणूस आहे असा दाट संशय असताना अधिकाऱ्याने हात बांधून बसायचं का? आणि आज तुम्ही त्यांचं टपाल उघडलंत तर उद्या तुमचं कोण उघडणार नाही? हे कायदे बहुतेक वेळा पाळले जातात, कारण प्रत्येकाचेच दूत दुसऱ्याच्या राजधानीत राहत असतात. मुत्सद्देगिरीतलं सौजन्य हे पुष्कळदा या परस्परांच्या अडकलेल्या शेपटांवर उभं आहे.

इथेच एक गैरसमज दूर करतो. राजनयाची पदवी घेतली म्हणजे राजदूत होता येतं, असं नाही. दूत नेमण्याचा अधिकार सरकारांचा आहे आणि प्रत्येक सरकारची निवडपद्धत वेगळी आहे. कुठे स्पर्धापरीक्षा असते, कुठे स्वतंत्र अकादमी. व्हिएन्नातली अकादमी मारिया थेरेसाच्या काळात, 1754 मध्ये निघाली, तेव्हा तिथे मुख्यतः पूर्वेकडच्या भाषा शिकवायच्या. म्हणजे विद्यापीठातला विषय जन्मण्याच्या कितीतरी आधी पेशाचं शिक्षण होतं, आणि त्याची सुरुवात भाषेपासून होती. आजही परीक्षांना बसणारे पुष्कळजण इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, अगदी अभियांत्रिकीचेही असतात.

सुरक्षा अभ्यास हा तिघांमधला सगळ्यात वादळी विषय. शीतयुद्धाच्या काळात याचा अर्थ होता सैन्य, शस्त्रं आणि मुख्यतः अण्वस्त्रं. वापरायचं नाही म्हणून बाळगायचं हे शस्त्र, पण वापरू असं समोरच्याला पटलं पाहिजे. या अडचणीवर दोन पिढ्यांनी डोकं चालवलं. 1950 मध्ये जॉन हर्झ यांनी मांडलेला सुरक्षेचा पेच इथे पहिल्या आठवड्यातच भेटतो. मी भीतीपोटी भिंत उंच करतो, शेजाऱ्याला वाटतं हा हल्ल्याची तयारी करतोय, म्हणून तो शस्त्रं घेतो, आणि ती बघून माझी भीती खरी ठरते. दोघांपैकी कुणीही दुष्ट नसताना दोघंही खड्ड्यात.

मग विषय पसरला. 1994 च्या मानवी विकास अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानवी सुरक्षेची कल्पना मांडली. अन्न, आरोग्य, पर्यावरण, रोजीरोटी हे सगळं सुरक्षेत आलं. ऐकायला छान. पण कोपनहेगनच्या अभ्यासकांनी, ओले वेव्हर आणि बॅरी बुझान यांनी, याची दुसरी बाजू दाखवली. एखाद्या प्रश्नावर 'सुरक्षेला धोका' असा शिक्का मारला की तो नेहमीच्या चर्चेतून बाहेर उचलला जातो. एरवी विचारले जाणारे प्रश्न मग विचारता येत नाहीत, एरवी न चालणारे उपाय चालतात. स्थलांतर हा मजुरीचा आणि घरांचा प्रश्न आहे की सुरक्षेचा? उत्तरावर अवलंबून आहे की तो कामगार खातं हाताळणार की बंदूकधारी. या पदवीतली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली कल्पना हीच. ती एकदा कळली की कुठल्याही सरकारचं भाषण ऐकताना कान वेगळे होतात.

अर्थात या विषयाचा स्वतःचा एक धोका आहे. 1987 मध्ये कॅरोल कोन या अभ्यासिकेने अण्वस्त्रनीती ठरवणाऱ्या तज्ज्ञांमध्ये राहून जे पाहिलं ते लिहिलं. त्यांची परिभाषा शिकल्याशिवाय कुणी ऐकून घेत नव्हतं. शिकल्यावर ऐकून घेऊ लागले, पण त्या परिभाषेत मेलेल्या माणसांबद्दल बोलताच येईना. चर्चा सगळी शस्त्रांची, जणू जपायचं ते त्यांनाच. दुसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी ज्या सफाईने 'मर्यादित मारा' वगैरे बोलतात, ते ऐकून मला हा लेख आठवतो. रीडिंग लिस्टमध्ये तो नसेल तर शोधून वाचा.

आता जुन्या ग्रंथांबद्दल थोडं. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सगळीकडे असतो. बलाढ्य अथेन्स आणि छोटंसं मेलोस बेट यांच्यातला संवाद, बलवान करू शकतो ते करतो, दुर्बळ सोसतो ते सोसतो. बहुतेक वर्ग इथे थांबतात. पानं पुढे उलटली तर कळतं की पुढच्याच वर्षी हेच अथेन्स सिसिलीवर चालून गेलं आणि तिथे त्याचं आरमार बुडालं. कौटिल्याचं मंडल, म्हणजे भोवतालच्या शत्रू-मित्र राज्यांचं वर्तुळ, आणि षाड्गुण्य, म्हणजे राज्याची सहा धोरणं, आता पुष्कळ ठिकाणी वाचतात, पण 'शत्रूचा शत्रू तो मित्र' एवढ्यावरच. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव या सहांमध्ये आसनही आहे, म्हणजे स्वस्थ बसणं हेसुद्धा धोरण आहे, हे क्वचित शिकवतात. विषयाची पुस्तकं अजून बरीचशी लंडन आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून जग बघतात. आपल्या यादीत लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया इथले लेखक किती, हे मोजून बघायला हरकत नाही.

आणि भविष्य? ते सांगण्यात या विषयाचं नाव फारसं चांगलं नाही. सोव्हिएत संघ 1991 मध्ये विरघळला तेव्हा त्यावर आयुष्य घालवलेले बहुसंख्य अभ्यासक गांगरले. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने शेकडो तज्ज्ञांचे राजकीय अंदाज अनेक वर्षं गोळा करून तपासले. एका मोठ्या कल्पनेवर सगळं जग बसवणारे तज्ज्ञ, विशेषतः टीव्हीवर ठामपणे बोलणारे, जास्त चुकत होते. थोडं इथलं, थोडं तिथलं बघून कचरत बोलणारे कमी चुकत होते. म्हणून ज्या अभ्यासक्रमात एकाच विचारपंथाचा जयजयकार चालतो, तिथे जाण्याआधी दोनदा विचार करावा.

निवड करायची असेल तर नावापेक्षा आतलं बघा. पदवीच्या नावात तीनही शब्द असतील, पण वर्षभरातल्या विषयांमध्ये संशोधनपद्धती आहे का? संख्याशास्त्र, दप्तरखान्यात बसून कागद वाचणं, मुलाखती घेणं, यातलं काहीतरी एक तरी नीट शिकवतात का? आंतरराष्ट्रीय कायदा आणि अर्थकारण आहे का? आणि भाषा. ज्या प्रदेशाबद्दल बोलायचं तिथली भाषा शिकवत नसतील तर ती बाहेर शिका, पण शिका. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची असते, अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांची. एका वर्षात पैसे वाचतात, पण भाषा पक्की होत नाही आणि उन्हाळ्यातली उमेदवारी (इंटर्नशिप) हुकते. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांच्या परीक्षेला वयाची अट असते, आणि ज्या देशांचं तिथलं प्रमाण कमी आहे अशांच्याच नागरिकांना त्या वर्षी अर्ज करता येतो. हे आधी बघून ठेवा. नोकऱ्या मात्र तेवढ्याच नाहीत. मदतसंस्था, वृत्तसंस्था, धोरणांचा अभ्यास करणारे थिंक टँक, निर्बंध आणि धोके तपासणाऱ्या बँका आणि कंपन्या, संसदेच्या समित्यांची कार्यालयं, या सगळ्यांना नीट वाचून थोडक्यात लिहिणारी माणसं लागतात.

शेवटचं सांगणं प्रबंधाबद्दल. 'महासत्तांचं भवितव्य' हा विषय घेऊ नका. तो कुणालाच पेलत नाही, मार्गदर्शकालाही नाही. त्यापेक्षा दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये एका नदीच्या पाण्यासाठी नेमलेला आयोग सीमेवर गोळीबार सुरू असतानाही बैठका कसा घेत राहिला, तिथे कोण कुणाला फोन करायचं, इतिवृत्त कोण लिहायचं, असं काहीतरी शोधा. कागद मिळतील, माणसं बोलतील, आणि मुलाखतीत समोरचे त्याबद्दलच विचारतील.

नमस्कार.