नंबर नसलेली रांग

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात स्पार्टा नावाचं एक लहानसं गाव आहे. गावाजवळ मोटार शर्यतींचा भलामोठा ट्रॅक आहे, केंटकी स्पीडवे. २०२१ मध्ये नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मोटार शर्यत मालिकेच्या, वेळापत्रकातून हा ट्रॅक गळाला. प्रेक्षक यायचे थांबले, पण त्याच वर्षी तिथली पार्किंगची मैदानं गच्च भरली. हजारो कोऱ्या करकरीत पिकअप तिथे ओळीनं उभ्या होत्या, फोर्डच्या सुपर ड्यूटी. इंजिन बसलेलं, रंग झालेला, टायर चढलेले. कुठल्यातरी मॉड्यूलमधली चिप तेवढी आलेली नव्हती, म्हणून गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देता येत नव्हती. उपग्रहावरून काढलेल्या छायाचित्रांतही त्या रांगा ओळखू येत होत्या.

आणि ज्यांनी अशा गाड्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती, ते डीलरला फोन करून विचारत होते, आमची कधी येणार?

आज मला या वाट पाहण्याबद्दल बोलायचंय. पुणे-चाकण पट्ट्यात सुट्या भागांच्या खरेदी खात्यात माझी सगळी नोकरी झाली. आज निघतो, उद्या निघतो, ट्रक लागलाय, गेटपास व्हायचाय, ही सगळी उत्तरं मी दिलेलीही आहेत आणि ऐकलेलीही आहेत. त्यामुळे टेक्सासमधला माझा मावसभाऊ त्याची कहाणी सांगायला लागला, तेव्हा त्यातलं बरंचसं मला ओळखीचं वाटलं. एक गोष्ट मात्र नवी होती.

आधी ही गाडी काय प्रकरण आहे ते सांगतो. पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भाजी मंडईत आणणारी गाडी येते. ती बाजूला ठेवा. अमेरिकेत हेवी ड्यूटी पिकअप म्हणजे फोर्डची एफ-२५० पासून वरची मालिका, शेवरोलेची सिल्व्हराडो एचडी आणि जीएमसीची सिएरा एचडी, आणि रॅमची २५०० आणि ३५००. २०२३ च्या एफ-४५० ची ओढण्याची कमाल क्षमता चाळीस हजार पौंड, म्हणजे अठरा टनांच्या वर आहे. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे भारे, जेसीबीसारखी यंत्रं, सगळं ही गाडी ओढते. तिथला शेतकरी, कंत्राटदार, वीज कंपनीचा लाइनमन, यांची ती रोजीरोटी आहे. शहरात ती मिरवायला घेणारेही पुष्कळ आहेत, पण आज आपला विषय ते नाहीत.

माझा मावसभाऊ डॅलसच्या बाहेर लहान-मोठी बांधकामाची कामं घेतो. त्याच्याकडे एक खोदाईचं यंत्र आहे, ते ट्रेलरवर चढवून या साइटवरून त्या साइटवर न्यायचं. जुन्या ट्रकचं (तिथे पिकअपला ट्रकच म्हणतात) ट्रान्समिशन कुरकुरायला लागलं, म्हणून त्यानं नवी गाडी ऑर्डर केली. डिपॉझिट भरलं, पावती घेतली. आणि मग त्यानं जे विचारलं, ते कुठल्याही मराठी माणसानं विचारलं असतं. माझा नंबर कितवा?

डीलरकडचा सेल्समन हसला म्हणे. नंबर असा नसतोच.

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडलीय त्यांना बजाज स्कूटरचं बुकिंग आठवत असेल. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मुलगा शाळेत असताना बुक केलेली स्कूटर त्याच्या लग्नात यायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची, त्यावरून चरफडही व्हायची. पण तुमच्या पावतीवर एक नंबर असायचा आणि तो हळूहळू का होईना, पुढे सरकायचा. अमेरिकेतल्या या ट्रकची रांग तशी नव्हती. किंबहुना ती रांगच नव्हती.

तिथे काय होतं, ते जरा तपशिलानं सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. गिऱ्हाईक ऑर्डर देतं डीलरकडे. डीलर ती कंपनीच्या संगणकात चढवतो. कंपनी प्रत्येक डीलरला ठराविक गाड्यांचा कोटा देते, आणि तो कोटा प्रामुख्यानं ठरतो त्या डीलरनं आधी किती गाड्या विकल्या यावरून. जो महिन्याला शंभर विकतो त्याला जास्त, जो चार विकतो त्याच्या वाट्याला कधी एक, कधी शून्य. मग त्या कोट्यात आपल्या कुठल्या ऑर्डरी आधी घालायच्या, ते डीलर अग्रक्रमाचा आकडा देऊन सांगतो. म्हणजे तुम्ही जानेवारीत गावातल्या छोट्या डीलरकडे ऑर्डर दिलीत आणि दुसऱ्या कुणी मे महिन्यात शहरातल्या बड्या डीलरकडे दिली, तर त्याची गाडी आधी येऊ शकते. यात लबाडी नाही, पद्धतच तशी आहे.

त्याच्यावर आणखी एक चाळणी. या ट्रकची ऑर्डर म्हणजे भलामोठा तक्ता असतो. केबिन तीन प्रकारची, मागचा हौदा आखूड की लांब, मागच्या ॲक्सलला दोन चाकं की चार, इंजिन पेट्रोल की डिझेल, ॲक्सलचा रेशो कुठला, ट्रेलर जोडताना दिसावं म्हणून जादा कॅमेरे हवेत का. तुम्ही जी जी खूण करता, तिच्यामागे एक पुरवठादार उभा असतो. त्यातला एक जरी अडकला, तरी तुमची ऑर्डर वेळापत्रकात चढतच नाही. खूण न करणाऱ्याची पुढे निघून जाते. माझ्या भावाचं नेमकं हेच झालं. त्यानं कॅमेऱ्यांचं पॅकेज घेतलं होतं. त्याच्या मागून ऑर्डर देणाऱ्या एका रंगाऱ्यानं साधी गाडी मागितली, पांढरी, कसलेही लाड नाहीत, आणि ती त्याला मिळालीसुद्धा. शेवटी सेल्समननंच सांगितलं, कॅमेरे काढून टाका, मग बघू. त्यानं काढले. थोड्याच दिवसांत गाडीला चेसिस नंबर मिळाला. चेसिस नंबर मिळाला म्हणजे गाडी कागदावरून कारखान्याच्या वेळापत्रकात आली. तोवर तुमच्या हातात फक्त पावती.

चिपचा तुटवडा का पडला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून पटकन सांगतो. २०२० च्या वसंतात कोरोनामुळे गाड्यांची मागणी कोसळली, कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, आणि ती जागा लॅपटॉप-मोबाईलवाल्यांनी घेतली. गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, पण चिप तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यात २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळानं ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले, १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, आणि मग मलेशियात टाळेबंदी आली. चाकणलाही याचा फटका बसला. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्रानं आठवडाभराच्या आसपास उत्पादन न करण्याचे दिवस जाहीर केले होते.

पण एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. या टंचाईत मोठे ट्रक हे लाडके होते. ज्या गाडीत नफा जास्त, तिला चिप आधी, हे कंपन्यांनी उघडपणे सांगितलं. छोट्या मोटारींचे कारखाने आठवडेच्या आठवडे बंद ठेवून त्यांच्या वाटणीच्या चिपा ट्रककडे वळवल्या गेल्या. एवढं करूनही ट्रक पुरले नाहीत. २०२२ च्या जूनअखेर जनरल मोटर्सकडे सुमारे ९५,००० अर्धवट गाड्या पडून होत्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर फोर्डकडे चाळीस ते पंचेचाळीस हजार असतील असा तिचा स्वतःचा अंदाज होता. त्यात मोठा वाटा ट्रक आणि एसयूव्हींचा.

आणि अडायचं तरी किती क्षुल्लक गोष्टींवर! त्याच सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली की फोर्डच्या काही गाड्या नावाच्या बिल्ल्यावाचून अडल्या आहेत. तो निळा लंबगोल, ज्यावर फोर्ड लिहिलेलं असतं, तोच संपला होता. त्रिमितीय छपाईनं तात्पुरते बिल्ले करून लावावेत का, असाही विचार झाला म्हणे. मी खरेदी खात्यातला माणूस, मला यात हसू आलं नाही. पाच रुपयांच्या वॉशरसाठी लाईन थांबलेली मी पाहिलीय, आणि त्या दिवशी वरिष्ठांचे चेहरेही पाहिलेत.

रॅमच्या ट्रकची तर आणखी एक गंमत, आणि इथे आपला पुण्याचा संबंध येतो. त्याचं डिझेल इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडरचं, ६.७ लिटरचं. कमिन्सचं मुख्यालय इंडियाना राज्यातल्या कोलंबसला. किर्लोस्कर कमिन्स या नावानं हीच कंपनी १९६२ साली पुण्यात आली, त्यामुळे कोथरूडमधल्या श्रोत्यांना कोलंबस हे नाव नवीन नसावं. तर अमेरिकेत बनलेलं इंजिन सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या साल्तिओला जातं, तिथे ट्रक जुळतो, आणि तो पुन्हा सीमा ओलांडून अमेरिकेत विकायला येतो. वाटेत कुठेही खोळंबा होऊ शकतो. गाड्या वाहून नेणारे रेल्वेचे डबे कमी पडले, तर तयार ट्रकसुद्धा यार्डात बसून राहतो. गिऱ्हाइकाला मोबाईलवर दिसतं, "तयार झाली". आणि मग कितीतरी दिवस तेच दिसत राहतं.

आता पैशाची बाजू. आपल्याकडे छापील किमतीच्या वर एक रुपया मागितला तरी आपण दुकानदाराशी भांडतो. अमेरिकेत १९५८ च्या कायद्यानं नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवावा लागतो, पण त्यावरची किंमत ही कंपनीनं सुचवलेली किंमत असते. डीलर स्वतंत्र व्यापारी. टंचाईच्या काळात बऱ्याच डीलरांनी त्या कागदाशेजारी दुसरा कागद चिकटवला आणि बाजारभावाच्या नावाखाली हजारो डॉलर वर लावले. ज्यानं ऑर्डर देतानाच किंमत लिहून घेतली नव्हती, त्याला गाडी आल्यावर हा कागद दिसायचा. आणि मागे हटला तर घेणारे दुसरे तयारच.

वर्ष संपलं की आणखी एक पेच. २०२२ च्या मॉडेलची ऑर्डर बनायच्या आत ते मॉडेल बंद झालं, तर ती ऑर्डर २०२३ च्या मॉडेलवर नव्यानं टाकायची. सुपर ड्यूटीचं तर २०२३ ला रूपच बदललं. नवं मॉडेल, नवी किंमत. जुन्या किमतीचं संरक्षण काही ठिकाणी मिळालं, पण त्यासाठी किती फोन करावे लागले ते करणाऱ्यालाच माहीत.

माझ्या भावाला मात्र सर्वांत जास्त झोंबला तो आयकर. तिथे धंद्यासाठी घेतलेल्या अवजड गाडीची मोठी रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येते. अट एकच, ३१ डिसेंबरच्या आत गाडी प्रत्यक्ष कामाला लागलेली हवी. बुकिंगची पावती चालत नाही, कारखान्यातला फोटो चालत नाही. त्याची गाडी जानेवारीत आली. त्या वर्षीचा कर त्यानं पूर्ण भरला.

पण तो तरी एकटा माणूस. खरी परवड झाली घाऊक खरेदीदारांची, म्हणजे नगरपालिका, वीज कंपन्या, रुग्णवाहिका सेवा यांची. कंपन्यांनी किरकोळ गिऱ्हाइकाला आधी माल दिला, कारण तिथे सवलत द्यावी लागत नाही. घाऊक ऑर्डरींची खिडकी उघडायची आणि लगेच बंद व्हायची. नगरपालिकेचं कसं असतं, तुम्ही जाणताच. निविदा काढायची, सभेत मंजुरी घ्यायची, मग ऑर्डर. तोवर खिडकी बंद. रुग्णवाहिका याच ट्रकच्या उघड्या चेसिसवर बांधतात. चेसिसच नाही तर बॉडी बांधणारा कारखाना काय करणार? तिथल्या रुग्णवाहिका संघटनांनी जाहीर तक्रारी केल्या, पण जुन्या गाड्यांवरच भागवावं लागलं. चैनीचे चामडी सीटवाले ट्रक बनत होते आणि रुग्णवाहिकेचं चेसिस थांबत होतं, हे मला आजही पटत नाही.

चिपा पुरेशा यायला लागल्या, तर संप आला. ११ ऑक्टोबर २०२३ ला लुइव्हिलच्या, फोर्डच्या केंटकी ट्रक प्लांटमधले ८,७०० कामगार बाहेर पडले. सुपर ड्यूटीचा हा मुख्य कारखाना. तिथून दर ३७ सेकंदांना एक गाडी बाहेर पडते आणि वर्षाला २५ अब्ज डॉलरचा धंदा होतो, असं फोर्डनंच तेव्हा सांगितलं होतं. कामगार संघटनेलाही हे आकडे माहीत होते. संप करायला जागा अचूक निवडली होती. पंधरवड्याच्या आसपास तात्पुरता करार झाला, पण तेवढ्यात न बनलेल्या गाड्या कुणाच्या तरी ऑर्डरीच होत्या.

पुढे चिपचा प्रश्न सुटला, तरी हेवी ड्यूटीची मागणी काही कमी झाली नाही. जुलै २०२४ मध्ये फोर्डनं जाहीर केलं की केंटकी आणि ओहायोचे दोन्ही कारखाने पूर्ण क्षमतेनं चालूनही सुपर ड्यूटी कमी पडते, म्हणून कॅनडातल्या ओकव्हिलला २०२६ पासून वर्षाला एक लाखापर्यंत गाड्या बनवायच्या. तो कारखाना खरं तर विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी राखून ठेवला होता.

ही बातमी मी भावाला फोनवर सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. धंदा वाढलाय, त्याला दुसरा ट्रक लागणार आहे. म्हणाला, ओकव्हिलचं ओकव्हिल बघेल, मी या वेळी डीलर बदलतोय. घरापासून दीड तास लांबचा आहे, पण मैदानात दोनशे गाड्या उभ्या असतात. आणि कॅमेरे? मी विचारलं. ते म्हणे बाजारातून आणून नंतर बसवता येतात.

नमस्कार.