वेळ लावते

(दांडिया बाजार, वडोदरा. सकाळचे सव्वासात. जिन्यावरून दुधाच्या पिशव्या वर येतात.)

या घराचा जिना इतका अरुंद की ट्रायपॉड आडवा धरून वर न्यावा लागला. आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो तेव्हा घरातली शाळा भरलेली होती. म्हणजे धाकटा ओट्याशी उभा राहून दुधाच्या पिशव्या मांडत होता. अर्ध्या लिटरच्या तीन. "दीड," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

गॅसपाशी उभ्या आजीने मान न वळवता विचारलं, "आणि उद्याचं धरून?"

"तीन."

"परवाचं धरून?"

इथे गाडी अडली. पिशव्या तीनच, दिवस तीन. त्याने बोटं काढली, मग ओट्यावर कुंकवाच्या डबीपासून काडेपेटीपर्यंत जे हाताला लागलं ते मांडलं. आजी कढीला फोडणी देऊन मोकळी झाली तरी उत्तर आलं नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. नाश्ता झाल्यावर, चपला शोधताना तो ओरडला, "साडेचार!"

आजी लहानपणी दिडकी म्हणत वाढली. दीड, तीन, साडेचार, सहा. नातवाला त्या पाढ्याचं नाव अजून माहीत नाही.

(इथे निवेदन थांबेल. वीस सेकंद नुसता स्वयंपाकघराचा आवाज.)

मुलांची नावं घ्यायची नाहीत ही आईची अट. म्हणून थोरली आणि धाकटा. ती नऊ वर्षांची, तो सहाचा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली जात होती.

ती चार वर्षांची असताना, २०२० साली, तिचा वर्ग फोनच्या पडद्यावर भरायचा. पुढे शाळा उघडल्या, गणवेश आला, रिक्षा लागली. पहिलीत असताना डायरीत एक शेरा आला: लिहायला फार वेळ लावते. महिन्याभराने तोच शेरा पुन्हा. तिसऱ्यांदा लाल शाईत, खाली दोन रेघा मारून.

आईने ती डायरी जपून ठेवली आहे. कॅमेऱ्यासमोर तिने पान उघडून दाखवलं, शाळेचं नाव मात्र अंगठ्याने झाकून धरलं. बाईंचं चुकलं असं ती म्हणत नाही. भरलेला वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, एका मुलीसाठी किती थांबणार? ही आई तेव्हा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग काढत असे. एका संध्याकाळी घड्याळ लावून ती लेकीच्या शेजारी बसली. एका ओळीला अकरा मिनिटं लागली. पण त्या अकरा मिनिटांत पोरगी इकडेतिकडे बघत नव्हती. प्रत्येक अक्षराचा काना वरपासून खालपर्यंत सरळ येतो की नाही, तेवढंच पाहत होती. वाकडा आला की खोडत होती.

"आमच्या ऑफिसात जो रेघ घाईने मारतो, त्याचं ड्रॉइंग परत येतं," आई म्हणते. एवढंच म्हणते, आणि कपडे वाळत घालायला जाते. तो शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवला आहे.

(काळा घोडा. पुतळ्यामागे ढग. मग राजवाड्याचं लांबून दृश्य.)

आता हा पुतळा, महाराजा सयाजीराव गायकवाडांचा. याची गोष्ट खरं तर आमच्या विरुद्ध जाणारी आहे, पण चित्रण इतकं देखणं आलं की गाळवेना.

१८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केलं. त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता. तो सापडला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात. गोपाळराव, वय बारा, शेतकऱ्याच्या घरचा, अक्षरओळख नाही. तेच पुढे महाराजा सयाजीराव. बाराव्या वर्षी धुळाक्षरं गिरवणारा हा मुलगा! आजच्या हिशेबाने सहावी-सातवीत असायला हवा होता. कुठल्या डायरीत त्याच्याबद्दल काय शेरा आला असता, देव जाणे. राजवाड्यात त्याच्यासाठी शिक्षक आले, एलियट नावाचे इंग्रज अधिकारी आले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं त्या वयात सुरू झालं. १८८१च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, राज्याचा कारभार त्याने हातात घेतला.

आणि याच माणसाने शाळा सक्तीची केली. १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात करून पाहिली, १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात. मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापांना दंड बसायचा. शेतात राबणाऱ्या, बकऱ्यांमागे धावणाऱ्या पोरांसाठी तो कायदा होता, आणि तो झाला नसता तर या घरातली आजीसुद्धा कदाचित दिडकी शिकली नसती. तिच्या आईला याच संस्थानात शाळेत घातलं होतं, ही गोष्ट ती अभिमानाने सांगते. त्याच बडोद्यात तिची नातवंडं घरी शिकतात, याचं तिला वाईट वाटतं का? विचारलं. तिने चष्मा पुसला. चित्र पाहा.

(सेंट्रल लायब्ररी. काचेची फरशी.)

सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. त्यातली ही मांडवीजवळची मोठी लायब्ररी. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची फरशी, म्हणजे खालपर्यंत उजेड पोचावा. धाकटा इथे पुस्तकासाठी येत नाही, खालून जाणाऱ्या माणसांच्या सावल्या बघायला येतो. सावली कोणाची ते ओळखायचं, असा त्याचा खेळ. आई त्याला ओढून कपाटाकडे नेत नाही. मी असतो तर नेलं असतं, हे कबूल करतो.

(गच्ची. चैत्राचं ऊन. जुन्या चादरीवर गहू.)

आम्ही गेलो ते दिवस गहू भरायचे. इकडे वर्षाचा गहू एकदम घेतात, भाल प्रदेशातला भालिया गहू असेल तर आजी खूश. भाव मणावर. गुजरातेत मण वीस किलोचा. महाराष्ट्रातून नव्याने आलेला माणूस इथे पहिल्याच वर्षी फसतो, चाळीसाचा हिशेब मनात धरून बसतो. थोरली फसत नाही. पाच मण, मणाला ८५० रुपये. तिने कागद घेतला नाही. दहा मणांचे साडेआठ हजार, त्याचे अर्धे सव्वाचार हजार. मग स्वतःच विचारलं, "म्हणजे किलोला किती?" साडेबेचाळीस यायला बराच वेळ लागला. व्यापारीभाई गोणीवर हात ठेवून उभे राहिले. "केटला थया, बोल बेटा?" असं त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग दिवेल चोळणं. दिवेल म्हणजे एरंडेल. तळहातावर थोडं घ्यायचं, गव्हात हात घालायचे आणि दाणे एकमेकांवर घासत राहायचं, दाण्याला नुसती चकाकी येईपर्यंत. जास्त झालं तर पीठ चिकट होतं, कमी झालं तर पावसाळ्यात टोके, म्हणजे धान्यातले किडे, पडतात. सहा वर्षांच्या मुलाचे हात कोपरापर्यंत गव्हात. हे दृश्य आम्ही तीन बाजूंनी घेतलं, आणि तिन्ही ठेवली आहेत.

"तेल लावल्यावर टोके का येत नाहीत?" हा प्रश्न त्याचा. आईने उत्तर दिलं नाही, दोन बरण्या आणल्या. एकीत चोळलेला गहू, दुसरीत कोरा. दोन्हींवर कागद चिकटवून थोरलीने तारीख लिहिली. बरण्या कोठीच्या खोलीत फळीवर गेल्या.

पुढचं चित्रण आमच्याकडे नाही. जुलैअखेर आईने फोनवर एक फोटो पाठवला: कोऱ्या गव्हाची बरणी ताटात उपडी, शेजारी वहीच्या पानावर टोक्यांच्या मोजणीच्या उभ्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे करून. फोटो धूसर आहे, म्हणून वापरला नाही.

(गल्ली. दुपारचे चार. लुगडी.)

आता देवमासा. कमाटी बागेतल्या बडोदा संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे ७२ फूट. आम्ही कॅमेरा आत नेला नव्हता, तेव्हा देवमासा तुम्हाला दिसणार नाही. लुगडी दिसतील.

झालं असं की, सांगाडा दोघांनी पावलांनी मोजला. थोरलीची ५३ पावलं, धाकट्याची ७१. घरी येईपर्यंत भांडण. तो म्हणे माझा मासा मोठा, ती म्हणे तू पावलं चोरलीस. आईला मोजपट्टीवरचा धडा तिथेच घेता आला असता. आजीने ट्रंक उघडली.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, वाराला तीन फूट, म्हणजे २७ फूट. गच्ची तेवढी लांब नाही, म्हणून सगळी वरात खाली गल्लीत. आजीचं एक हिरवं लुगडं, शेजारच्या काकूंचं एक जांभळं. दोन मिळून ५४ झाले. उरले अठरा. तिसरं लुगडं लागणार, पण पूर्ण नाही.

"पावणेतीन असेल," आजी म्हणाली.

थोरलीने हिरव्याच्या चार घड्या घातल्या, तीन उलगडल्या, आईच्या टेपने मोजलं. वीस फूट आणि वर तीन इंच. जास्त झालं. अडीच धरलं तर साडेतेरा, कमी पडलं. पोरगी गल्लीत मांडी घालून बसली. स्कूटरवाले एक गृहस्थ येऊन थांबले. "शुं छे आ?" धाकट्याने सांगितलं, "व्हेल." त्यांनी इंजिन बंद केलं.

मग तिने चार घड्या मोडून तीन घातल्या. दोन उलगडल्या. बरोबर अठरा.

आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं येतं. दोन तृतीयांशाचा पाढा मात्र तिच्याकडे नव्हता. "आमच्यात हे नव्हतं गं," ती म्हणाली, आणि घड्या स्वतः पुन्हा घालून पाहिल्या. मला या फिल्ममधला हा सगळ्यात चांगला क्षण वाटतो. संकलकाला तो लांबलेला वाटतो. लांबलेलाच ठेवला आहे.

(आई घरात. खिडकीतला उजेड कमी होतो.)

लोक विचारतात ते थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो, न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही, आणि घरी शिकवण्याविषयी गप्प आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या करता येतात, चौदा पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. थोरलीचा अर्ज अजून भरलेला नाही. आईची नोकरी सुटली, घर एका पगारावर आलं. शेजारची मुलं शाळेतून साडेपाचला येतात, तोवर खेळायला कुणी नसतं. वडिलांनी कॅमेऱ्यासमोर बोलायला नको म्हटलं. मुलांच्या मामांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मुलाखतीच्या दिवशी माईक बिघडला होता.

(संध्याकाळ. टेबलावर दिवा. वही.)

दिवसाचं लेखन शेवटी असतं. थोरली रोज काय झालं ते तीन ओळींत लिहिते. घरात मराठी, गल्लीत गुजराती, दुकानाच्या पाट्यांवर गुजराती अक्षरं, त्यांना शिरोरेषा नाही. गुजराती पाचचा आकडा आणि गुजराती प जवळजवळ जुळे, तोही गोंधळ एकदा होऊन गेला. पाट्या वाचून वाचून तिने मराठीही बोडकंच लिहायला घेतलं होतं. आता ती आधी सगळी अक्षरं लिहून काढते आणि शेवटी पट्टीने वर रेघ मारते.

आज तिने एकच रेघ मारली. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधल्या जागांवरूनही. कपडे वाळत घालायची दोरी असावी तशी. आईने खोडरबर दिलं नाही. म्हणाली, "वाच बघू."

तिने वाचलं. कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून एका दमात वाचलं. आजलुगड्यानेदेवमासामोजला. धाकटा हसून खुर्चीवरून घसरला. मग तीही हसली, पान उलटलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ, पट्टी उचलून, फुंकर मारून, नीट बघून.

आमची बॅटरी संपली तेव्हा तिसरा शब्द चालू होता.